अप्पांच्या नावावर ट्रिपल सीट

साताऱ्याच्या पोवई नाक्यावर ट्रॅफिकच्या मामांनी हात केला तेव्हा माझ्या डोक्यावर हेल्मेट होतं, पर्समध्ये लायसन होतं आणि पीयूसीची मुदत संपायला अजून दोन महिने होते. त्यामुळे मी जरा तोऱ्यातच स्कूटर कडेला घेतली. २०२४ चा जानेवारी, सकाळचे पावणेदहा, दहाला ऑफिसात टेकायचं होतं. हवालदारांनी हातातल्या मशीनमध्ये नंबर टाकला, दोनदा बोट फिरवलं आणि म्हणाले, "ताई, चार चलान बाकी आहेत. बावीसशे रुपये."

मी बारा वर्षं सीएंच्या ऑफिसांत हिशेब लिहिते. लोकांच्या बाक्या काढून त्यांना घाम फोडणं हे माझं पोटापाण्याचं काम. आणि इथे भर चौकात माझीच बाकी निघाली.

"कसली आहेत?"

"एक हेल्मेट, एक नो पार्किंग, एक झेब्रा क्रॉसिंगवर गाडी. आणि एक ट्रिपल सीट."

पहिली तीन ऐकताना माझी मान खाली गेली, कारण ती मला आठवत होती. ट्रिपल सीट ऐकल्यावर मात्र वर आली. या स्कूटरवर आजवर तीन माणसं बसलेली नाहीत. मागच्या सीटवर बहुतेक वेळा दळणाचा डबा असतो.

हवालदार भले होते. मागे गाड्यांची रांग लागलेली, तरी म्हणाले, "इथेच भरायचं तर यूपीआय चालतं. नाहीतर घरी जाऊन साइटवर बघा, प्रत्येक चलानाला फोटो असतो. आधी फोटो बघा." आणि सोडलं. नंतरच्या चार महिन्यांत मला वकील, एजंट, मेहुणे, शेजारी अशा बऱ्याच जणांनी सल्ले दिले. त्यातला एकही या सल्ल्याच्या तोडीचा नव्हता.

आता गाडीबद्दल. स्कूटर २०१५ ची, एमएच ११ म्हणजे साताऱ्याच्या पासिंगची, आणि कागदोपत्री अप्पांची. अप्पा म्हणजे माझे वडील. एसटीत ड्रायव्हर होते. खंबाटकीचा घाट, पसरणीचा घाट, पावसाळ्यात महाबळेश्वर, दिवाळीत स्वारगेटची जादा गाडी, सगळं करून निवृत्त झाले. त्यांचा बिल्ला अजून देवघराच्या खालच्या कप्प्यात आहे आणि विनाअपघात नोकरीचं प्रमाणपत्र हॉलमध्ये आजोबांच्या फोटोशेजारी. स्कूटर त्यांनी घेतली, पण वापरली मीच. २०१८ ते २०२२ मी पुण्यात नोकरीला होते तेव्हा ती माझ्याबरोबर होती. म्हणजे पराक्रम माझे आणि नाव त्यांचं.

कायद्यात हा घोळ गृहीत धरलेला आहे. कॅमेऱ्याला किंवा चौकातल्या पोलिसाला दिसतो तो नंबर, माणूस नाही. म्हणून चलान आरसीवरच्या मालकाच्या नावाने निघतं, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे त्या वेळी गाडी कोण चालवत होतं हे पोलिसांनी विचारलं तर सांगण्याची जबाबदारी मालकावर असते. भाच्याला गाडी दिली, विकलेली गाडी नावावर करून दिली नाही, मुलगी पुण्याला घेऊन गेली, काहीही असो. पहिला प्रश्न मालकालाच.

संध्याकाळी अप्पांना सांगितलं. तीन चलानं माझी आहेत हे त्यांनी शांतपणे ऐकलं. चौथ्याला चहाचा कप खाली ठेवला.

"ट्रिपल सीट? माझ्या नावावर?"

"तुमच्या नाही अप्पा, गाडीच्या."

"गाडी कुणाच्या नावावर हाय?"

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

जेवणं झाल्यावर लॅपटॉप उघडला. महाराष्ट्राच्या वाहतूक पोलिसांच्या ई-चलान साइटवर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे आकडे टाकले की यादी येते. चलान नंबर, तारीख, वेळ, जागा, गुन्हा, रक्कम आणि फोटो. आमच्या भाषेत सांगायचं तर चलान ही एंट्री आणि फोटो हे व्हाउचर. व्हाउचर न बघता एंट्री पास करणाऱ्याला आमचे सर दारातूनच परत पाठवतील. पण चलानाच्या बाबतीत शहाणीसुरती माणसं तेच करतात. रक्कम दिसली की एक तर भरून मोकळी होतात, नाही तर शिव्या देऊन बसतात. फोटो कुणी उघडत नाही.

माझी तीन व्हाउचरं अगदी चोख निघाली. फेब्रुवारी २०१९, हेल्मेट नाही, ५०० रुपये. पुण्यात त्या १ जानेवारीपासून हेल्मेटची सक्ती जोरात सुरू झाली होती आणि मी तेव्हा सक्तीच्या विरोधात तावातावाने बोलणाऱ्यांतली एक होते. फोटोत माझे केस उडताहेत. दुसरं २०२० चं, नो पार्किंग, २०० रुपये. तिसरं मार्च २०२२, सिग्नलला थांबलेली मी, पुढचं चाक झेब्रा क्रॉसिंगच्या पट्ट्यांवर, ५०० रुपये. रक्कम अशी चढलेली दिसते त्याचं कारण केंद्राचा सुधारित कायदा. तो १ सप्टेंबर २०१९ ला लागू झाला, पण महाराष्ट्राने वाढीव दंड उशिरा, डिसेंबर २०२१ मध्ये स्वीकारले. त्याआधी किरकोळ गुन्ह्याला २०० होते, ते ५०० झाले. आणि तोच गुन्हा पुन्हा केला तर दीड हजार.

ही तिन्ही मी त्याच रात्री भरली. बाराशे रुपये. अप्पा शेजारी बसून प्रत्येक फोटो मोठा करून बघत होते. झेब्रा क्रॉसिंगचा फोटो बघून म्हणाले, "चाक पट्टीवर घालायचं कारणच काय? माणसं तिथनं चालत्यात." मी गप्प. चाळीस प्रवासी घेऊन घाट उतरवलेल्या माणसापुढे माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग चौथा फोटो उघडला.

तारीख २०२३ च्या ऑगस्टमधली. शहर दुसरंच, नाव लिहीत नाही. फोटोत काळी मोटरसायकल, तिच्यावर तीन पोरं पाठमोरी, मधल्याच्या हातात केकचा खोका. आमची स्कूटर करड्या रंगाची, आणि स्कूटर आहे, मोटरसायकल नाही. हे इतकं उघड होतं की मला हसू आलं. अप्पांना आलं नाही. त्यांनी चष्मा वर केला, नाक स्क्रीनला लावलं आणि नंबरप्लेट वाचली. एमएच ११, पुढची अक्षरं तीच, आकडेही तेच. फक्त शेवटचा आकडा फॅन्सी, टोकं आत वळवलेला ३. ज्याने मशीनमध्ये नंबर टाकला त्याला तो ८ वाटला. आमचा शेवटचा आकडा ८.

"म्हंजे पोरं साताऱ्याचीच," अप्पा म्हणाले. मला वाटलं विषय संपला. त्यांच्या दृष्टीने तो तिथे सुरू झाला होता, हे नंतर कळलं.

माझ्या भावाचं म्हणणं सरळ होतं. हजार रुपये भर आणि सुट. चकरा मारण्यात पेट्रोलच तेवढ्याचं जाईल. हिशेबाने बघितलं तर बरोबर. पण अप्पा हटून बसले. "ज्येनं केलं त्येनं भरावं. मी न्हाई भरणार."

मला आधी हा त्यांचा जुना हट्ट वाटला. मग कायदा वाचायला बसले तर म्हातारा बरोबर निघाला. चलान भरणं म्हणजे कलम २०० खाली तडजोड. गुन्हा झाला हे मान्य करून प्रकरण कोर्टात जाण्याआधी मिटवायचं. एकदा तडजोड केली की नंतर 'तो मी नव्हेच' म्हणायला जागा उरत नाही. दुसरं म्हणजे ट्रिपल सीटचं कलम १९४क दिसतं तेवढं साधं नाही. त्यात हजार रुपयांच्या दंडाबरोबर तीन महिने लायसन अपात्र ठरवण्याचीही तरतूद आहे. हेल्मेटच्या कलमातही तशीच आहे. रोज ती वापरली जाते असं नाही, पण कागदावर आहे. सत्तरीच्या माणसाच्या नावावर, ज्याने आयुष्यभर लायसनवरच घर चालवलं, न केलेला असला गुन्हा मी स्वतःच्या हाताने कबूल करायचा? हजार रुपयांत ते फार महाग पडलं असतं.

कॅमेऱ्याने किंवा मशीनने होणाऱ्या चलानांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये १६७-अ हा नियम आला. तो प्रत्येक गाडीवाल्याने एकदा तरी वाचावा असं मला वाटतं. मी वाचला तेव्हा त्यात असं होतं: गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांच्या आत पाठवली पाहिजे. तिच्याबरोबर गुन्हा आणि नंबरप्लेट दोन्ही स्पष्ट दिसणारा फोटो हवा. तारीख, वेळ, जागा हवी, कुठलं कलम मोडलं ते हवं. वेगाचं चलान असेल तर यंत्राने मोजलेला वेगही हवा, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कमानींवर कॅमेरे बसल्यापासून आमच्या ऑफिसात दर सोमवारी कुणी ना कुणी चलान घेऊन येतं. मी त्यांना पहिला प्रश्न हाच विचारते, फोटो बघितला का? दहातले आठ जण फोटो बघून निमूट भरतात, कारण गाडी त्यांचीच असते आणि वेगही. उरलेल्या दोघांसाठी पुढचं सांगते.

पोरांच्या प्लेटबद्दलही एक वाक्य लिहायलाच हवं. नंबरप्लेटवर अक्षरं कशी असावीत याचे नियम ठरलेले आहेत आणि फॅन्सी आकडे हा स्वतंत्र गुन्हा आहे. म्हणजे फोटोत खरं तर दोन गुन्हे होते. एक नोंदला गेला, तोही आमच्या नावावर. दुसऱ्या गुन्ह्यामुळेच ते घडलं.

तक्रार करायची सोय साइटवर आणि पोलिसांच्या अॅपवर आहे. मी चलान नंबर टाकला, आरसीचा फोटो, स्कूटरचे पुढून-मागून दोन फोटो जोडले आणि लिहिलं. पहिला मसुदा अप्पांनी सांगितलेला होता. त्यात 'माझ्या निष्कलंक सेवेला', 'मनस्ताप', 'जबाबदार कोण' असे शब्द होते. तो मी काढून टाकला, त्यांना न सांगता. पाठवलं ते एवढंच: चलानातल्या फोटोत काळी मोटरसायकल आहे, माझं वाहन करड्या रंगाची स्कूटर आहे, आरसी सोबत जोडली आहे. फोटोतल्या प्लेटवरचा शेवटचा आकडा ३ आहे, माझा ८ आहे. नंबर चुकून नोंदला गेला असल्याने चलान रद्द करावं.

राग कितीही खरा असला तरी तक्रार वाचणाऱ्या माणसाला दिवसभरात असे पन्नास अर्ज बघायचे असतात. त्याला दोन फोटो शेजारी ठेवता आले की काम होतं.

पाच आठवडे काहीच झालं नाही. साइटवर हजार रुपये तसेच. मधल्या काळात लोकअदालतीची जाहिरात आली, तडजोडीने प्रकरण मिटवा म्हणून. भाऊ म्हणाला, बघ, कमीत सुटेल. पण लोकअदालत हे तडजोडीचं ठिकाण, तिथे कुणाचं खरं याचा निकाल लागत नाही. दोन्ही बाजू मान्य करतात आणि निवाडा होतो, आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे तो अंतिम असतो, अपील नाही. ज्याने गुन्हा केलाय, रक्कम साचलीय, एकरकमी मिटवायचंय, त्याच्यासाठी फार चांगली सोय आहे. कोर्ट फी नाही, वकील लागतोच असं नाही. माझी तीन चलानं मी भरली नसती तर रांगेत नक्की उभी राहिले असते. पण 'मी केलंच नाही' म्हणणाऱ्याने तिथे जाऊन अर्धे पैसे भरणं म्हणजे अर्धा गुन्हा कबूल करणं. त्याची जागा म्हणजे आधी तक्रार, आणि तिथे ऐकलं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांचं कोर्ट.

आमच्या गल्लीत कोर्टातून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांनी तिसराच रस्ता सुचवला. म्हणे, सहा महिने गप्प बसा, चलान मरतं. हे अगदीच हवेतलं नाही. ज्या गुन्ह्याला नुसता दंडच आहे त्याची दखल कोर्टाने सहा महिन्यांच्या आत घ्यायची, अशी मुदत फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात आहे, आणि ती वाढवून देण्याचा अधिकारही कोर्टाला आहे. पण कोर्टात चलान मेलं तरी साइटवर ते जिवंतच दिसतं. माझं २०१९ चं हेल्मेट पाच वर्षांनी पोवई नाक्यावर उभं राहिलंच की. गाडी विकायला काढा, गिऱ्हाईक टायर बघायच्या आधी चलान बघतं. मुदतीचा मुद्दा वकिलाने कोर्टात मांडायचा असतो. चौकात मांडून काही उपयोग नाही.

मार्चमध्ये मी एक शनिवार मोडला. त्या शहरातल्या वाहतूक शाखेत दोन प्रती घेऊन गेले, त्याच अर्जाच्या. टेबलावरच्या बाई म्हणाल्या, ऑनलाइन करा. मी म्हटलं, केलंय, हा त्याचा नंबर, पाच आठवडे झाले. तुम्ही फक्त पोच द्या. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख, सही. ऑफिसातल्या बारा वर्षांत मी शिकले ते हेच, तोंडी सांगितलेलं तिथल्या तिथे विरतं, आवक नंबर मात्र कुणाच्या तरी रजिस्टरला राहतो. बाईंनी प्रिंटआउट बघितला, पोरांचा फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं आणि हसल्या. "वाढदिवस दिसतोय." शिक्का दिला. साहेब रजेवर होते.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात साइट उघडली तर यादी रिकामी. ना फोन, ना मेसेज, ना दिलगिरी. गेलं ते गेलं. मी स्क्रीनची प्रिंट काढून आरसीच्या फाइलला लावली. ती सवय सुटायची नाही.

चलानांचा मेसेज इतकी वर्षं का आला नव्हता ते मात्र आधीच कळलं होतं. आरटीओच्या नोंदीत अप्पांचा २०१५ चा नंबर होता आणि ते सिमकार्ड कधीच बंद पडलेलं. पाच वर्षांची चलानं एका मेलेल्या मोबाइलवर जात होती. परिवहनच्या साइटवर आधारने खातरजमा करून नवीन नंबर टाकता येतो. माझ्याकडून विचाराल तर हे वाचून झाल्यावर आधी तेच करा, कारण वेळेत आलेली नोटीस आपल्याला दिसलीच नाही तर तिचा उपयोग काय.

नंबर बदलल्यावर दहा दिवसांत अप्पांच्या व्हॉट्सअॅपवर मेसेज. आरटीओ चलान, तुमच्या वाहनावर दंड, सोबत एक फाइल, उघडून बघा. नशीब, अप्पांनी उघडण्याआधी मला हाक मारली. ती एपीके फाइल होती, म्हणजे मोबाइलमध्ये अॅप बसवणारी. उघडली असती तर मोबाइल दुसऱ्याच्या ताब्यात आणि पेन्शनचं खातं साफ. खरं चलान कधीही अशी एपीके फाइल धाडत नाही. मेसेज आला की त्यातल्या लिंकला हात न लावता आपण स्वतः साइट उघडायची, जिच्या पत्त्याच्या शेवटी डॉट जीओव्ही डॉट इन असतं, आणि गाडीचा नंबर टाकून बघायचं. तिथे नसेल तर चलान नाही.

अप्पांना साइट उघडायला शिकवली. आता दर रविवारी अंघोळीनंतर ते बघतात. "निल," असं ओरडून सांगतात, डेपोत कंट्रोलरला सांगावं तसं.

एक राहिलंच. जानेवारीपासून अप्पा संध्याकाळच्या फेरीला जरा जास्तच लांब जायला लागले होते. राजवाड्यापर्यंत जाऊन यायचे ते बस स्टँड, कधी गोडोली. मला वाटलं, थंडी आहे, पाय मोकळे करत असतील. मे महिन्यात एके दिवशी चपला काढता काढता म्हणाले, "गावली."

"काय?"

"काळी मोटरसायकल. शेवटचा तीन. डेअरीच्या भायेर लावलेली. पोरगं एकटंच हुतं."

माझ्या पोटात गोळा. अप्पांचा आवाज अजून घाटातल्या एसटीचा आहे. "काय बोललात त्याला?"

"मागच्या चाकात हवा न्हवती. म्हनलं, भरून घे, मग घरी जा."

"आणि चलानाचं?"

"त्ये रद्द झालंय की," अप्पा म्हणाले, आणि चहा मागितला.